न्यूक्लिओफॉस्मिन
पेशीच्या केंद्रिकेत, म्हणजे न्यूक्लिओलसमध्ये, विपुल आढळणारे २९४ ॲमिनो अम्लांचे प्रथिन. जुने नाव बी२३. पाच रेणू मिळून त्याचे कडे बनते. केंद्रिकेच्या कणमय भागात रायबोसोमचे उपघटक जुळतात, तिथे ते राबते. तयार उपघटक पेशीद्रवात पोचवायलाही हातभार लावते. पेशीविभाजनातली त्याची कामगिरी अधिक विलक्षण आहे. आधी ते सेंट्रोसोमला चिकटून असते. सीडीके२ या विकराने त्याच्या १९९व्या जागेवरील थ्रिओनीनला फॉस्फेट जोडले की ते सुटते आणि सेंट्रोसोमची दुसरी प्रत घडू लागते. जनुकात चार अक्षरे जास्त घुसली, तर हेच प्रथिन केंद्रिका सोडून पेशीद्रवात जमते. प्रौढांतील तीव्र मायलॉइड रक्तकर्करोगाच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांत हा बिघाड दिसतो. इटलीतील ब्रुनो फालिनी व सहकाऱ्यांनी तो २००५ मध्ये उजेडात आणला.