‘कोर्बान’ शब्दाचा अर्थ व मूळ

वाचकांस ठाऊकच आहे कीं संत मार्क ह्यानें आपलें शुभवर्तमान ग्रीक भाषेंत लिहिलें. तरी सातव्या अध्यायांत परुशी व शास्त्री ह्यांच्याशीं झालेला प्रभु येशूचा वाद सांगतांना त्यानें ‘कोर्बान’ हा इब्री शब्द तसाच ठेविला, आणि त्याचा अर्थ ‘देणगी’ असा लागलाच जोडिला.

हा अर्थ खरा, परंतु अपुरा. इब्री भाषेंत क्-र्-ब् ह्या धातूचा अर्थ ‘जवळ येणें’. त्याच्या प्रयोजक रूपाचा ‘जवळ आणणें’. लेवीय ग्रंथांत वेदीवर वाहावयाचीं गुरें-मेंढरें, पारव्याचीं पिलें व सपीठ ह्या सर्वांस हेंच नांव आहे, कारण तीं देवाच्या सान्निध्यांत आणिलीं जात. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या यहुदी पंडितांनीं नियमशास्त्राचें ग्रीक भाषांतर केलें, तेव्हां त्यांनीं येथें ‘दोरोन’, म्हणजे देणगी, हा शब्द योजिला. त्यांत सान्निध्याचा अर्थ सुटला. आपल्या संस्कृत भाषेस ही अडचण पडली नसती. ‘उपहार’ शब्दांत उप म्हणजे जवळ व हृ म्हणजे नेणें, असे दोन्ही अर्थ नांदतात.

पुढें ह्या शब्दाचा शपथेसारखा उपयोग होऊं लागला. एखाद्या वस्तूवर ‘कोर्बान’ उच्चारिलें कीं ती देवाची ठरे व इतरांस तिचा उपभोग वर्ज्य होई. ज्या धनानें वृद्ध आईबापांचें पोषण व्हावयाचें त्यावरच पुत्रानें हा शब्द उच्चारिला, तर शास्त्री त्यास त्यांच्यासाठीं कांहीं करूं देत नसत. प्रभूनें दोष दिला तो ह्यास. जवळ आणणारा शब्द जन्मदात्यांस दूर लोटण्याच्या कामीं आला, ह्याहून शोचनीय तें काय? ही चाल त्या काळीं खरोखर होती ह्यास दगडाची साक्ष आहे. यरुशलेमेजवळ सांपडलेल्या एका अस्थिपेटिकेवर अरामी लेख असून, आंतील वस्तूंपासून कोणी लाभ उठवील तर तो देवाचा कोर्बान होय, असा त्याचा आशय आहे. येशूसंघीय पंडित फिट्झमायर ह्यांनीं १९५९ सालीं ह्या लेखाची संत मार्काच्या वचनाशीं तुलना केली.

सुरयानी परंपरेनें मूळ शब्द सोडिला नाहीं. केरळांतील सीरो-मलबार भाविक पवित्र मिस्सेस आजहि ‘कुर्बाना’ म्हणतात. अरबी ‘कुर्बान’ हा त्याच कुळांतला. तो फारशीच्या वाटेनें मराठींत आला. बकरी ईदेस आपले मुसलमान शेजारी जी कुर्बानी करितात तिचें नांवहि ह्याच धातूपासून निघालें आहे.