‘सायक्लोन’ची हळहळ : एका पाडलेल्या रोलर कोस्टरचा इतिहास

१. (थ्रेड) १९२७ साली कॅनडात, एरी सरोवराच्या काठी एक रोलर कोस्टर उभा राहिला. त्याच्या फलाटावर चक्क एक परिचारिका नेमलेली असे. फेरी संपवून उतरणाऱ्यांपैकी कोणाला भोवळ आली, तर तिने सांभाळावे अशी योजना होती. १९४६ च्या हंगामानंतर हा कोस्टर उतरवण्यात आला. त्यात बसलेली फार थोडी माणसे आज हयात असतील. तरीही त्याच्यासाठी हळहळणारे शौकीन जगभर आढळतात. जे कधी अनुभवलेच नाही, त्याची हळहळ कशी निर्माण होते?

२. प्रथम स्थळाची ओळख. एरी सरोवराच्या पूर्व टोकाला अमेरिकेतील बफेलो हे शहर आहे. समोरच्या किनाऱ्यावर, कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात क्रिस्टल बीच आहे. १८८८ मध्ये जॉन रेबस्टॉक यांनी येथे धार्मिक मेळावे आणि व्याख्याने भरवण्यास सुरुवात केली. पण येणाऱ्यांना प्रवचनांहून वाळू, पाणी आणि बाजूचे खेळ अधिक प्रिय ठरले. दोनएक वर्षांतच धर्मसभेचे हे ठिकाण करमणुकीचे झाले.

३. बफेलोचे लोक येथे आगबोटीने येत. त्यांपैकी ‘कॅनडियाना’ ही बोट १९१० साली बफेलोतच बांधलेली होती. तिच्यावर नृत्यासाठी मोकळी जागा होती, वाद्यवृंद होता. पोलाद कारखान्यांत आणि धान्यकोठारांवर राबणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने सुटीचा आनंद धक्क्यावरच सुरू होई. एका देशातून दुसऱ्या देशात जाणारी ही सहल सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारी होती.

४. १९२५ मध्ये उद्यानात भव्य नृत्यगृह उभे राहिले. १९२७ मध्ये नायगारा नदीवरचा ‘पीस ब्रिज’ खुला झाला आणि मोटारीने येणाऱ्यांची वाट सोपी झाली. मोटार असलेला माणूस आता हव्या त्या ठिकाणी जाऊ शकत होता. त्याला आपल्याकडे ओढायचे, तर इतरत्र नसलेले काहीतरी हवे होते. सायक्लोन उभा राहिला तो याच वर्षी.

५. त्या काळी असा कोस्टर शक्य झाला, यामागे एक तांत्रिक सुधारणा होती. सुरुवातीच्या कोस्टरची गाडी केवळ स्वतःच्या वजनाने रुळावर टिकून राही. त्यामुळे वेग आणि उतार बेतानेच ठेवावे लागत. जॉन मिलर या अमेरिकी रचनाकाराने रुळाच्या खालच्या बाजूने धरून ठेवणारी जादा चाके योजली. गाडी रुळावरून उचलली जाण्याचा धोका टळला आणि तीव्र उतार, झटक्याची वळणे रचनाकारांच्या आवाक्यात आली. १९२० चे दशक कोस्टरचे सुवर्णयुग मानले जाते, त्याचे हे एक मोठे कारण.

६. सायक्लोनचा रचनाकार होता हॅरी ट्रॅव्हर. पेनसिल्व्हेनियातील बीव्हर फॉल्स येथे त्याची ट्रॅव्हर इंजिनिअरिंग कंपनी होती. १९२७ मध्ये त्याने एकाच घडणीचे तीन प्रचंड कोस्टर उभारले : क्रिस्टल बीचचा सायक्लोन, मॅसॅच्युसेट्समधील रिव्हिअर बीचचा ‘लायटनिंग’ आणि न्यू जर्सीतील पॅलिसेड्स पार्कचा दुसरा सायक्लोन. पुढच्या पिढ्यांनी या तिघांना ‘भयंकर तिळे’ असे नाव दिले.

७. सायक्लोनची उंची सुमारे ९६ फूट होती. आजच्या मानाने ती काहीच नाही. त्याची दहशत होती ती वळणांत. साखळीने गाडी माथ्यावर पोहोचली की पहिला उतारच वळत वळत खाली जाई. त्यानंतर सरळ रूळ जवळपास नव्हताच. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा एक भाग होता, एका अंगाला जवळजवळ आडवे पडलेले रूळ होते आणि शेवटच्या टप्प्यात गाडी डावी-उजवीकडे आळीपाळीने झुकवणारे तुकडे होते. प्रवाशाला सावरायला क्षणभराचीही उसंत मिळत नसे.

८. एवढ्या झुकलेल्या वळणांवर गाडी आजूबाजूचा सांगाडा बाहेरच्या दिशेने जोराने रेटते. हा रेटा सोसण्यासाठी ट्रॅव्हरने सांगाडा पोलादी ठेवला आणि त्यावर लाकडी थरांची मार्गिका बसवली. सांगाडा टिकला, मार्गिकेची मात्र सतत झीज होत राहिली. दुरुस्तीवाचून हा कोस्टर चालवणे अशक्य होते. त्याच्या कीर्तीचे आणि त्याच्या खर्चाचे मूळ एकच होते.

९. पहिल्या हंगामापासून लोकांनी गर्दी केली. मात्र त्यात बसणाऱ्यांइतकेच, किंबहुना अधिकच, लोक खाली उभे राहून पाहत असत. तिकीट काढण्याचे धाडस न करणाऱ्यालाही फुकट तमाशा मिळे. फलाटावरची परिचारिका ही काळजीही होती आणि जाहिरातही. तिला पाहताच ‘येथे काहीतरी घडू शकते’ हे वेगळे सांगावे लागत नसे.

१०. आणि तसे घडलेही. १९३८ मध्ये एक तरुण प्रवासी धावत्या गाडीतून बाहेर फेकला गेला आणि त्याचा मृत्यू झाला. स्मरणरंजनाच्या कथांत हा प्रसंग सहसा दंतकथेला धार आणणारा तपशील म्हणून येतो. प्रत्यक्षात तो सुटीच्या दिवशी घरी न परतलेल्या एका माणसाचा मृत्यू होता.

११. तिळ्यांपैकी दोघे महामंदीच्या वर्षांतच संपले. लायटनिंग १९३३ मध्ये आणि पॅलिसेड्सचा सायक्लोन १९३४ मध्ये पाडला गेला. लोकांच्या हाती पैसा नव्हता आणि असल्या यंत्रांचा देखभालखर्च मात्र कमी होत नव्हता. क्रिस्टल बीचचा सायक्लोन सर्वाधिक टिकला. १९४६ चा हंगाम संपल्यावर त्याचीही अखेर झाली. दुरुस्तीचा बोजा वाढला होता आणि पुन्हा पुन्हा बसू इच्छिणारे प्रवासी कमी झाले होते.

१२. येथे या कथेला अनपेक्षित वळण मिळते. सायक्लोनचे पोलाद सारे भंगारात गेले नाही. त्यातले बरेचसे नव्या कोस्टरसाठी वापरण्यात आले. १९४८ मध्ये सरोवराच्या अगदी कडेला ‘कॉमेट’ सुरू झाला. हर्बर्ट श्मेक यांनी त्याची रचना केली होती. उंची जवळपास तेवढीच, पण स्वभाव निराळा : लांब चढ-उतार, वेगाचा आनंद आणि एकीकडे पसरलेले पाणी. जे पोलाद लोकांना घाबरवत होते, त्यावर आता सारे कुटुंब हसत बसू लागले.

१३. क्रिस्टल बीचच्या बहुतेक गोड आठवणी याच युद्धोत्तर काळातल्या आहेत. त्या काळातला एक दिवस मात्र या आठवणींत क्वचित येतो. ३० मे १९५६, अमेरिकेतील मेमोरियल डेची सुटी. उद्यानात गोऱ्या आणि कृष्णवर्णीय तरुणांच्या गटांत हाणामाऱ्या झाल्या. परतीच्या प्रवासात ‘कॅनडियाना’वर त्या पुन्हा भडकल्या. सरोवराच्या मध्यभागी असलेल्या बोटीवरून प्रवाशांना कोठे जाणार? वृत्तपत्रांनी या घटनेला ‘दंगल’ म्हटले आणि तिची बातमी देशभर पोहोचली.

१४. वेळ लक्षात घ्यावी लागेल. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा निकाल १९५४ चा. माँटगोमेरीतील बसबहिष्कार १९५६ मध्ये सुरूच होता. कारखान्यांतील रोजगाराच्या ओढीने दक्षिणेतून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांमुळे बफेलोची वस्ती बदलत होती. नोकरी, घर आणि शाळा यांच्याइतकाच मोकळ्या दिवशी मौजेवरचा हक्क हाही संघर्षाचा विषय झाला होता.

१५. इतर तिळ्यांपैकी एक जेथे उभा होता, त्या पॅलिसेड्स पार्कमध्येही हेच दिसते. तेथील जलतरण तलावात कृष्णवर्णीयांना प्रवेश नाकारला जाई. १९४७ मध्ये ‘कोअर’ या नागरी हक्क संघटनेच्या कार्यकर्त्यांनी त्याविरुद्ध निदर्शने केली. इतिहासकार व्हिक्टोरिया वॉलकॉट यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अमेरिकी करमणूक उद्यानांचा इतिहास याच अंगाने मांडला आहे. ‘त्या काळी सारे किती निरागस होते’ हे वाक्य रांगेत कोणाला उभे राहू दिले जात होते, यावर अवलंबून असते.

१६. १९५६ चा हंगाम हा ‘कॅनडियाना’चा क्रिस्टल बीचकडील अखेरचा हंगाम ठरला. मोटारींमुळे बोटीचे दिवस तसेही भरत आले होते. पण त्या सुटीच्या सायंकाळचा उल्लेख टाळून तिचा शेवट सांगता येत नाही. पुढे बोट जतन करण्याचे प्रयत्न झाले. ते फसले आणि २००४ मध्ये ती तोडण्यात आली.

१७. उद्यान १९८९ च्या हंगामानंतर कायमचे बंद झाले. साहित्याचा लिलाव झाला. कॉमेट विकत घेतला चार्ल्स वुड यांनी. न्यूयॉर्क राज्यात लेक जॉर्जजवळ ‘स्टोरीटाऊन’ हे बालोद्यान त्यांनी १९५४ मध्येच सुरू केले होते. पुढे त्याचे नाव ‘ग्रेट एस्केप’ झाले. कॉमेटचे सुटे भाग काही वर्षे पडून होते. १९९४ मध्ये तो ‘ग्रेट एस्केप’मध्ये पुन्हा उभा राहिला. १९२७ च्या सायक्लोनच्या पोलादाचा हा तिसरा संसार, आणि तो सीमेपलीकडे.

१८. क्रिस्टल बीचवर मात्र आज फाटकबंद निवासी वसाहत आहे. जेथे कोणीही तिकीट काढून येऊ शकत होते, तेथील किनाऱ्याचा मोठा भाग खासगी झाला. उद्यानाची चव तेवढी उरली : तेथे मिळणारे लोगनबेरीचे जांभळट-लाल सरबत बफेलो आणि फोर्ट एरी परिसरात अजूनही प्यायले जाते. ज्यांनी उद्यान पाहिलेही नाही, ती मुलेही ते आवडीने पितात.

१९. आता आरंभीच्या प्रश्नाकडे. सायक्लोनची हळहळ छायाचित्रे, आजोबांच्या गोष्टी आणि परिचारिकेसारखे तपशील यांतून घडलेली आहे. ती खोटी म्हणता येत नाही. ती वारशाने मिळालेली आहे. वारसा सांगणारा जेवढे सांगतो, तेवढेच पुढच्याच्या हाती येते. भीतीची गंमत सहज सांगितली जाते. १९३८ चा मृत्यू, दुरुस्तीची बिले आणि १९५६ ची संध्याकाळ सांगायला जड जातात, म्हणून ती मागे राहतात.

२०. इतिहासाच्या अभ्यासकाने आठवण झिडकारण्याचे कारण नाही. आठवण नसती, तर एका पाडलेल्या यंत्राचा शोध कोणी घेतलाच नसता. मात्र आठवण जेथे थांबते तेथून पुढचे काम कागदपत्रांचे, जुन्या वृत्तपत्रांचे आणि उरलेल्या वस्तूंचे असते. कॉमेटमध्ये बसणाऱ्या प्रवाशाला खाली पाहिल्यावर खांबच दिसतात. त्यांतले काही कोणे एके काळी परिचारिका लागणाऱ्या फलाटाशेजारी उभे होते, हे त्याला कोणीतरी शोधून सांगावे लागते. (समाप्त)