‘कोण’ आणि ‘काय’ यांचे कुळ

जबलपुरात, चेरीतालसारख्या वस्तीत वास्तव्य करणाऱ्या मराठी माणसाच्या कानी ‘काए’ हा बुंदेली शब्द नित्य पडतो. त्याचा अर्थ ‘का?’ असा, आपल्या मनात मात्र ‘काय?’ उमटते. या प्रश्नवाचक शब्दांचे कुळ शोधू गेल्यास ते नर्मदातीरापासून व्होल्गातीरापर्यंत पसरलेले दिसते.

संस्कृत ‘कः’, लॅटिन ‘क्विस’ आणि रशियन ‘क्तो’ ही आद्य भारोपीय भाषेतील एकाच प्रश्नवाचक धातूची अपत्ये होत. आद्य स्लाव्ह भाषेत व्यक्तीसाठी ‘कुतो’ व वस्तूसाठी ‘चितो’ अशी जोडी होती. त्यांतील ‘उ’ आणि ‘इ’ अतिऱ्हस्व, आणि ‘तो’ हे मागून जोडलेले दर्शक सर्वनाम. मूळचा ‘क’ तालव्य स्वरापुढे ‘च’ झाला, म्हणून ही दोन रूपे वेगळी दिसतात. हेच परिवर्तन आपल्याकडे स्वतंत्रपणे घडले. ‘कदाचित्’, ‘क्वचित्’ यांतला ‘चित्’ हा त्या ‘चि’चा सख्खा भाऊ होय. ‘किम्’मध्ये मात्र ‘कः’च्या सादृश्याने ‘क’ टिकला. स्थलवाचक स्लाव्ह ‘कुदे’ला वैदिक ‘कुह’ आणि ‘कोतोरु’ला संस्कृत ‘कतर’ जुळतो.

मराठीची वाट प्राकृतातून गेली. ‘कः पुनः’पासून ‘कवण’ आणि त्यापासून ‘कोण’ झाला, असे मानले जाते. बाराव्या शतकात हेमचंद्राने अपभ्रंशातील ‘काइं’ व ‘कवण’ नोंदले. 1290 च्या ज्ञानेश्वरीत ‘कवण’ विपुल आढळतो.

खरा महत्त्वाचा भाग विभक्तींचा आहे. रशियनमध्ये ‘कोमु’ म्हणजे कोणाला, ‘चेमु’ म्हणजे कशाला. व्यक्ती आणि वस्तू यांतील हा भेद मराठीनेही ‘कोणाला’ व ‘कशाला’ यांत राखला. प्रमाण हिंदीत मात्र ‘कौन’ आणि ‘क्या’ या दोहोंचे सामान्यरूप ‘किस’ असे एकच झाले. ‘यह किससे हुआ?’ या वाक्यात कर्ता विचारला आहे की कारण, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. मराठीत ‘कोणाकडून?’ की ‘कशामुळे?’ याची निवड प्रश्नकर्त्यालाच करावी लागते. ज्यांचे आयुष्य चौकशीच्या कागदांत जाते, त्यांना या भेदाचे मोल सांगावयास नको. दोष माणसाचा की परिस्थितीचा, हे उत्तराआधी प्रश्नातच वेगळे व्हावे लागते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस नागपूरकर भोसल्यांचा अंमल येथे आला. 1956 च्या पुनर्रचनेत मध्यप्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपुरास आले. अशा निमित्तांनी येथे स्थिरावलेल्या घरांतून मुलांची मराठी हिंदीच्या छायेत वाढते. शब्द उसने आले तर चिंता नाही. भाषेला ते पचवता येतात. परंतु एखादा भेदच पुसला गेला, तर विचाराचे एक साधन हरपते.

मौज अशी की ‘काए’ हे जुन्या ‘काहे’चेच रूप, म्हणजे वस्तुवाचक प्रश्नाचे निराळे सामान्यरूप. प्रमाण हिंदीने जवळजवळ टाकलेला भेद बुंदेलीने असा जपला आहे. आपल्या ‘कशाला’ची सोबत करणारा शब्द शेजारच्या अंगणातच नांदतो आहे.