सेलेमचे खटले आणि एका न्यायाधीशाचे प्रायश्चित्त

नम्रतेची स्तुती ऐकताना कोणालाच जड जात नाही. सर्व धर्मांनी ती गायिली आहे आणि ख्रिस्ती धर्माने तर तिला सद्गुणांचा पायाच मानले आहे. परंतु मृदू बोलणे किंवा मान लववून नमस्कार करणे ही काही नम्रतेची कसोटी नव्हे. आपण एखादा निर्णय सद्हेतूने, धर्माला स्मरून आणि कायद्याला धरून घेतला. पुढे तो चुकीचा निघाला. त्यापायी निरपराध माणसांचे प्राण गेले. अशा वेळी माणूस काय करतो, यावर ती कसोटी लागते. दुर्जनाला आपली चूक मनातून ठाऊकच असते. सज्जनाची अडचण निराळी असते. त्याच्यापाशी स्वतःच्या बचावाचे फार भक्कम साधन असते, ते म्हणजे त्याचा सद्हेतू. 'माझे बरोबरच होते' हे सिद्ध करण्याची ओढ आणि 'खरे काय होते' हे जाणून घेण्याची ओढ या दोन ओढी एकाच माणसात कशा झगडतात, हे पाहण्यासाठी मी आज आपणांपुढे अमेरिकेच्या इतिहासातील एक प्रकरण ठेवणार आहे.

स्थळ मॅसॅच्युसेट्स, काळ सतराव्या शतकाचा शेवट. तेथे १६३० सालापासून इंग्लंडमधून येऊन स्थायिक झालेले लोक प्युरिटन पंथाचे होते. देवाच्या वचनाप्रमाणे चालणारे राज्य उभारावे, या जिद्दीने त्यांनी समुद्र ओलांडला होता. ही माणसे आपणांस अगदीच परकी नाहीत. त्यांच्याच काँग्रिगेशनल परंपरेतील मिशनरी १८१३ साली मुंबईस आले, १८३१ साली त्यांनी अहमदनगरास ठाणे केले आणि १८४२ साली 'ज्ञानोदय' हे पत्र सुरू केले. हे लोक कष्टाळू आणि विद्येचे भोक्ते होते. पण देव जसा खरा तसा सैतानही खरा, आणि तो माणसांना वश करून त्यांच्याकडून चेटूक करवितो, अशी त्यांची पक्की समजूत होती. ही समजूत त्यांच्यापुरतीच नव्हती. त्या काळचे युरोपातले बहुतेक विद्वानही तेच मानीत.

१६९२ च्या आरंभी सेलेम नावाच्या खेड्यात पाळक सॅम्युएल पॅरिस यांच्या घरातील दोन मुलींना झटके येऊ लागले. एक नऊ वर्षांची, दुसरी अकरा. त्या किंचाळत, अंग पिळवटीत. वैद्याला कारण सापडेना, तेव्हा चेटकाचा संशय आला. आणखी मुलींना तसेच होऊ लागले. नावे विचारली गेली आणि मुलींनी ती सांगितली. पहिल्या तीन नावांत पॅरिस यांच्या घरची गुलाम स्त्री टिट्युबा होती, दुसरी एक दारोदार मागून खाणारी बाई होती आणि तिसरी अंथरुणाला खिळलेली. आरोप नेहमीप्रमाणे आधी दुबळ्यांवर आला. पण तो तेथे थांबला नाही. वर्ष संपेपर्यंत दीडशेहून अधिक माणसांवर आरोप झाले आणि त्यांत प्रतिष्ठित कुटुंबांतील लोकही होते.

मे महिन्यात गव्हर्नर फिप्स यांनी या खटल्यांसाठी नऊ न्यायाधीशांचे खास न्यायालय नेमले. मुख्य होते विल्यम स्टाउटन आणि सदस्यांत होता बोस्टनचा व्यापारी सॅम्युएल स्युअल. १६५२ साली जन्मलेला हा गृहस्थ हार्वर्डचा पदवीधर होता, उदार होता, बहुप्रसव संसाराचा धनी होता आणि पन्नासहून अधिक वर्षे रोजनिशी लिहिणारा होता. क्रूरपणाचा लवलेशही त्याच्या स्वभावात दिसत नाही. म्हणूनच तो आपल्या विषयाच्या कामाचा आहे.

या न्यायालयाची सारी इमारत एका पुराव्यावर उभी होती. मुली सांगत की अमक्या बाईचे छायारूप आमच्याजवळ येते, चावते, गळा दाबते. ती बाई त्या वेळी स्वतःच्या घरी झोपलेली असली तरी हरकत नसे. कारण येते ते तिचे रूप. आता प्रश्न असा की, सैतान निरपराध माणसाचे रूप घेऊ शकतो की नाही? घेऊ शकत असेल तर हा पुरावा कवडीमोलाचा. स्टाउटन यांचे मत ठाम होते की देव तसे होऊ देणार नाही. म्हणजे ज्याचे रूप दिसले तो दोषीच. धर्मशास्त्रातले एक प्रमेय घेतले आणि त्यावर माणसे फाशी दिली.

रेबेका नर्स हिचा खटला पाहा. वय एकाहत्तर, ऐकू कमी येणारे, धर्मशील म्हणून सर्वांना माहीत. एकोणचाळीस शेजाऱ्यांनी तिच्या बाजूने सही केली, आणि हे त्या दिवसांत सोपे नव्हते. ज्यूरीने तिला निर्दोष ठरविले. त्याबरोबर मुलींनी आकांत मांडला. स्टाउटन यांनी ज्यूरीचे लक्ष तिच्या तोंडच्या एका वाक्याकडे वेधले. दुसऱ्या एका आरोपी बाईला पाहून ती 'आमच्यातलीच' अशा अर्थाचे काही बोलली होती. ज्यूरीच्या प्रमुखाने तिला खुलासा विचारला, पण तिला तो ऐकूच आला नाही. तिच्या मौनाचा अर्थ अपराध असा केला गेला आणि निकाल फिरला. आपण सहबंदिवान या अर्थी तसे म्हणालो होतो, हे तिने मागाहून लिहून कळविले. पण उपयोग झाला नाही. १९ जुलै रोजी तिला फाशी दिली.

आणखी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागेल. ज्यांनी 'होय, आम्ही चेटूक केले' असे कबूल केले आणि त्या कबुलीला जे धरून राहिले, त्यांपैकी कोणालाही त्या वर्षी फाशी झाली नाही. पन्नासाच्या आसपास लोकांनी अशी कबुली दिली. फासावर गेले ते 'आम्ही निरपराध आहोत' असे म्हणणारे. पापाची कबुली ही ख्रिस्ती नम्रतेची खूण. त्या खुणेचेच तेथे सोंग झाले. न्यायाधीशांना हवे ते सांगितले की माणूस नम्र ठरे आणि जगे. देवासमोर खोटे बोलण्यास नकार दिला की तो उद्धट ठरे आणि मरे. एकोणीस माणसे फाशी गेली, चौदा स्त्रिया आणि पाच पुरुष. जाइल्स कोरी या वृद्धाने न्यायालयाला जाबच दिला नाही, म्हणून अंगावर दगडांचे ओझे चढवून त्याचा जीव घेतला. निदान पाच जण तुरुंगात मेले. खोटे बोलून जगण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या या साध्या शेतकरी माणसांना सत्याचा शोध वेगळा करावा लागला नाही. त्यांनी ते फक्त सोडले नाही.

रेबेकाची बहीण मेरी ईस्टी हिने सप्टेंबरात न्यायालयाला अर्ज केला. त्यात तिने स्वतःचा जीव मागितला नाही. मला मरायचेच आहे, पण यापुढे निरपराधांचे रक्त सांडू नये, एवढेच तिचे मागणे होते. न्यायाधीशांच्या हेतूवर तिने संशय घेतला नाही. परंतु मी निरपराध आहे हे मला ठाऊक असल्यामुळे तुमचा मार्ग चुकला आहे हेही मला कळते, असे तिने सांगितले. आरोप करणाऱ्या मुलींना वेगवेगळे ठेवून तपासा, अशी सूचनाही केली. एवढी निर्भय आणि इतकी विनयशील भाषा त्या सबंध प्रकरणात दुसऱ्या कोणाच्या तोंडी आढळत नाही. २२ सप्टेंबर रोजी तिला फाशी दिली. त्या दिवशी आठ जण गेले, आणि ते शेवटचे.

शंका घेणारे पहिल्यापासून होते. न्यायाधीश नॅथॅनिएल सॉल्टनस्टॉल याने जूनमधील पहिल्या फाशीनंतर न्यायासन सोडले. स्युअल मात्र बसून राहिला. १९ ऑगस्टला जॉर्ज बरोज हा पाळक फासावर चढला. चेटक्याला प्रभूची प्रार्थना बिनचूक म्हणता येत नाही, अशी लोकांची समजूत होती. त्याने ती बिनचूक म्हटली. गर्दी हेलावली. स्युअलने रोजनिशीत लिहून ठेवले की, त्याच्या बोलण्याने अविचारी लोकांच्या मनावर पुष्कळ परिणाम झाला. 'अविचारी' या एका शब्दात सद्हेतूचा सारा बंदोबस्त दिसतो. खरे समोर येऊन उभे राहते आणि आपण त्याला अडाण्यांचा कळवळा म्हणून बाजूला सारतो.

ऑक्टोबरात इन्क्रीज मॅदर या ज्येष्ठ धर्मगुरूने छायारूपाच्या पुराव्याविरुद्ध लिहिले. एक निरपराध मरण्यापेक्षा दहा संशयित सुटलेले बरे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. फिप्स यांनी न्यायालय मोडले. १६९३ च्या जानेवारीत नव्या न्यायालयात तो पुरावा अग्राह्य ठरला आणि पन्नासांच्या आसपास खटल्यांत केवळ तिघे दोषी ठरले. फिप्स यांनी त्यांचीही शिक्षा थोपविली. ते कळताच स्टाउटन संतापून न्यायासनावरून उठून गेले.

त्यांचा संताप समजण्यासारखा आहे. ते प्रमेय चुकले असे एकदा मान्य केले की एकोणीस प्रेते दाराशी येऊन उभी राहतात. चुकीची किंमत जितकी भारी, तितके चूक मानणे अवघड. माणूस मग सत्यासाठी भांडत नसतो. आपल्या हातून जे घडले ते आपल्याला सोसवावे म्हणून भांडत असतो. १७०१ साली मरेपर्यंत स्टाउटन यांनी खेदाचा शब्द काढला नाही.

स्युअलच्या मनात काटा कधी रुतला ते सांगता येत नाही. १६९२ च्या एप्रिलमधील चौकशीच्या नोंदीशेजारी, समासात, मागाहून त्याने लॅटिनमध्ये दुःखोद्गार लिहून ठेवला आहे. १६९६ च्या मे महिन्यात त्याला मृत मुलगा झाला. २३ डिसेंबरला सेरा ही दोन वर्षांची मुलगी वारली. दुसऱ्या दिवशी घरात त्याच्या मुलाने मत्तयाच्या शुभवर्तमानातील बारावा अध्याय वाचला. देवाला यज्ञ नको, दया हवी. हे समजले असते तर तुम्ही निर्दोषांना दोषी ठरविले नसते, असे येशूचे सांगणे त्यात आहे. सेलेमची आठवण होऊन आपण हादरलो, अशी नोंद स्युअलने केली आहे.

प्रांताने १४ जानेवारी १६९७ हा उपासाचा व प्रार्थनेचा दिवस ठरविला होता. त्याचे फर्मान स्युअलनेच लिहिले होते. त्या दिवशी बोस्टनच्या मंडळीत उपासनेच्या वेळी पाळक सॅम्युएल विलर्ड जवळून जात असता स्युअलने त्यांच्या हाती एक कागद दिला. पाळक तो वाचू लागले तेव्हा हा चव्वेचाळीस वर्षांचा न्यायाधीश सर्वांदेखत उभा राहिला आणि वाचन संपल्यावर मान लववून खाली बसला. सेलेमच्या न्यायालयासंबंधीचा दोष आणि लज्जा आपण स्वतःवर घेतो, माणसांची क्षमा मागतो आणि देवाने आपले पाप क्षमावे अशी प्रार्थना सर्वांनी करावी, असा त्या कागदाचा मथितार्थ होता. ज्या विलर्ड यांच्या हाती तो दिला, त्यांनी १६९२ मध्येच या खटल्यांना विरोध केला होता. ज्याचे बरोबर होते त्याच्याच तोंडून आपली चूक सर्वांना ऐकविणे, हे सोपे नसते.

'वेळ तशी होती', 'कायदा तसा होता', 'नऊ जणांनी मिळून ठरविले' यांपैकी एकही सबब त्याने पुढे केली नाही. त्या न्यायाधीशांपैकी असे जाहीरपणे उभा राहणारा तो एकटाच. त्याच वर्षी ज्यूरीतल्या बारा जणांनीही सही करून क्षमा मागितली. बेव्हर्लीचे पाळक जॉन हेल प्रथम खटल्यांच्या बाजूचे होते. स्वतःच्या पत्नीवर आरोप आला तेव्हा त्यांचे डोळे उघडले. आपण अंधारात चाललो होतो, असे मान्य करणारे पुस्तक त्यांनी लिहिले. ते १७०२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, छापले गेले. आरोप करणाऱ्या मुलींतील अॅन पटनम हिने १७०६ साली मंडळीसमोर उभे राहून नर्स कुटुंबाची क्षमा मागितली.

आता या प्रायश्चित्ताचे उणेपणही सांगितले पाहिजे, नाही तर आपण इतिहास सोडून चरित्रपूजा करू लागू. ते साडेचार वर्षे उशिरा झाले. त्या कागदात मेलेल्यांपैकी एकाचेही नाव नाही. देवाचा कोप आपल्या लेकरांवर येतो आहे, ही भीती त्यामागे स्पष्ट दिसते. चेटकावरचा विश्वास तर स्युअलने सोडला नव्हताच. पण निर्भेळ पश्चात्तापाची वाट पाहत बसले तर जगात कोणीच कधी चूक कबूल करणार नाही. नम्रता पुष्कळदा भीतीचा हात धरून येते. ती पुढे कोठवर चालते, हे पाहावे.

स्युअलची काही अंतर चालली. १७०० साली त्याने गुलामांच्या व्यापाराविरुद्ध 'द सेलिंग ऑफ जोसेफ' ही पुस्तिका छापली. न्यू इंग्लंडमध्ये छापलेले त्या प्रकारचे ते पहिले लिखाण. सर्व प्रतिष्ठित समाज जे बरोबर मानत होता, ते बरोबर नाही असे तो म्हणाला. काळी माणसे आपल्या समाजात एकरूप होऊ शकत नाहीत, हा त्या काळचा पूर्वग्रह त्या पुस्तिकेतही आहे. एका चुकीची जाणीव माणसाला सर्वज्ञ करीत नाही. पुढच्या प्रश्नाकडे पाहताना त्याला थोडे सावध करते, एवढेच.

येथे कोणी म्हणेल की हा सारा धर्मवेडाचा परिणाम. श्रद्धा नसती तर हे घडले नसते. मला हे उत्तर अपुरे वाटते. स्टाउटन, स्युअल आणि मेरी ईस्टी तिघेही एकाच देवाची एकाच पद्धतीने प्रार्थना करीत. फरक श्रद्धेच्या मापात नव्हता. स्टाउटन यांनी देवाची अचूकता आपल्या निर्णयाला चिकटविली, म्हणून निर्णयावरची शंका त्यांना देवावरची शंका वाटली. स्युअलला शेवटी उमजले की सत्य देवाचे आहे, आपले नाही. म्हणून आपण चुकलो तरी ते शाबूत राहते. ज्याला हे उमजते त्याला हरण्याची लाज वाटली तरी भीती वाटत नाही. देवाच्या जागी शास्त्र, राष्ट्र किंवा पक्ष ठेवून पाहा. मनाचा व्यापार तोच राहतो.

राज्यसंस्थेला हेच शिकायला फार वेळ लागला. १७११ साली अनेकांवरचा दोष काढून त्यांच्या वारसांना सुमारे ५७८ पौंड भरपाई दिली गेली. १७१२ साली सेलेमच्या मंडळीने रेबेका नर्सवरील बहिष्कार मागे घेतला. तरी काही नावे राहिली. १६९३ मध्ये दोषी ठरलेल्या एलिझाबेथ जॉन्सन हिचे नाव २०२२ साली कायद्याने निर्दोष झाले, आणि त्यासाठी पाठपुरावा केला तो मॅसॅच्युसेट्समधील एका शाळेच्या आठवीतल्या मुलामुलींनी. मुलांच्या साक्षीने सुरू झालेले प्रकरण तीनशेहून अधिक वर्षांनी मुलांच्याच खटपटीने मिटले.

बोस्टनच्या विधानगृहात प्रतिनिधींच्या दालनात १९४२ साली भिंतीवर चित्रे लावली गेली. त्यांत एक चित्र मान खाली घालून उभ्या राहिलेल्या स्युअलचे आहे. कायदे करणाऱ्यांनी हे चित्र डोळ्यांसमोर ठेवावे, ही योजना मला शहाणपणाची वाटते. आपल्यापैकी फार थोड्यांना न्यायासनावर बसावे लागते. पण घरात, शाळेत, कचेरीत, संस्थेत आपण रोज कोणाचा ना कोणाचा न्याय करीतच असतो. तो करताना समोरचा 'मी निर्दोष आहे' असे म्हणाला, तर त्याचे म्हणणे आपल्याला ऐकू येण्याइतके आपल्या खात्रीचे दार उघडे असावे, एवढेच या इतिहासातून घेण्यासारखे आहे.