फेणी नेमकी कुणाची?

फेणी पोर्तुगीजांनी दिली, असं आपण सर्रास म्हणतो. मला ते अर्धंच पटतं. काजू ब्राझीलचा, हे खरं. झाड आणि नाव दोन्ही त्यांच्याच गलबतांतून आलं. पण गार्सिया द ओर्ताचं गोव्यात १५६३ साली छापलेलं पुस्तक बघा. त्यात माडाच्या सुरेपासून गाळलेली दारू आहे, काजू मात्र नाही! म्हणजे भट्टी आधीची, बोंडू नंतरचे. माडाची फेणी ही थोरली बहीणच म्हणायची.

बोंडू तुडवायचे, रस आंबवायचा, एकदा गाळला की उर्राक, पुन्हा गाळली की फेणी. एवढ्या जुन्या कसबावर कायद्याने 'देशी दारू'चा शिक्का मारला, अन् आपणही नाक मुरडत स्कॉचचं कौतुक करत बसलो. (वासाचं म्हणाल, तर काही स्कॉचना आयोडीनचा वास येतो, त्याचं काय?) काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं २००९ मध्ये, गोवा सरकारने वारसा पेय ठरवलं २०१६ मध्ये.

तर मंडळी, एप्रिलमध्ये गोव्याला गेलात तर आधी उर्राक मागा. लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून. पावसाळ्यानंतर गेलात, तर फेणी आहेच.