निळ्या ठिपक्याची पहिली लढाई : १७ जानेवारी १९९१

मॅप्स उघडलं की स्क्रीनवर निळा ठिपका येतो. तुम्ही रेवदंड्यात असाल तर तो साधारण १८.५५ उत्तर, ७२.९३ पूर्व इथे, कुंडलिकेच्या मुखाजवळ दिसेल. हा ठिपका ज्या जीपीएसवर उभा राहिला ती मुळात अमेरिकी लष्कराची यंत्रणा. तिची पहिली मोठी परीक्षा झाली आखाती युद्धातल्या हवाई हल्ल्याच्या पहिल्या रात्री.

२ ऑगस्ट १९९० ला इराकनं कुवेतमध्ये सैन्य घुसवलं. अमेरिकेच्या नेतृत्वाखाली तीसहून जास्त देश एकत्र आले. माघारीसाठी संयुक्त राष्ट्रांनी दिलेली १५ जानेवारीची मुदत संपली आणि १७ तारखेच्या पहाटे हल्ला सुरू झाला. इराकच्या हवाई संरक्षण नेटवर्कचं नाव होतं 'कारी' (इराकचं फ्रेंच स्पेलिंग उलटं वाचा). सीमेवरची रडार विमानं बघणार, माहिती केंद्राकडे जाणार, तिथून क्षेपणास्त्रांना आदेश सुटणार. म्हणून सगळ्यात आधी सीमेजवळची दोन रडार केंद्रं बंद पाडायची होती.

हे काम आठ अपाची हेलिकॉप्टरांकडे होतं. पण अडचण बघा. आपल्या किनाऱ्यावर रात्री होडी आणताना कोर्लईच्या डोंगराचा अंदाज घेता येतो. वाळवंटात रात्री कसली खूण? अपाचीचा कॉम्प्युटर वेग आणि दिशेवरून जागेचा हिशेब करायचा, म्हणजे डोळे मिटून पावलं मोजत चालण्यासारखं. प्रत्येक पावलाला थोडी चूक, आणि ती साठत जाते. त्यामुळे पुढे 'पेव्ह लो' ही जीपीएस असलेली हेलिकॉप्टरं ठेवली. ठरलेल्या बिंदूवर त्यांनी चमकणाऱ्या रासायनिक कांड्या खाली टाकल्या. अपाची त्यावरून गेले, आपली जागा दुरुस्त करून घेतली आणि २ वाजून ३८ मिनिटांनी क्षेपणास्त्रं सोडली. उपग्रहाकडून आलेलं लोकेशन शेवटी कांड्यांनी 'शेअर' झालं! ३ वाजता बगदादवर बॉम्ब पडत होते.

त्याच मोहिमेत अमेरिकेतल्या लुईझियानाहून सात बी-५२ विमानं निघाली होती. जाऊन-येऊन ३५ तासांचं उड्डाण, आणि सोडलेली क्षेपणास्त्रंही ३५. ती जीपीएसच्या आधारे लक्ष्यापर्यंत गेली. ही मोहीम वर्षभर गुप्त ठेवली होती.

जीपीएस चालतं कसं? प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ असतं आणि तो सतत 'आत्ता इतके वाजले, मी इथे आहे' असं सांगत राहतो. सिग्नल पोचायला किती वेळ लागला यावरून अंतर कळतं. तीन अंतरांवरून जागा मिळते. चौथा उपग्रह लागतो तो तुमच्या फोनच्या साध्या घड्याळातली चूक काढायला. एक मायक्रोसेकंद चुकला की अंतर ३०० मीटरनं चुकतं. १९९१ मध्ये २४ उपग्रहांचा ताफा पूर्ण नव्हता, जेमतेम १६ होते, त्यामुळे दिवसातले काही तास नीट लोकेशनच मिळत नसे.

तेव्हा सामान्य लोकांच्या सिग्नलमध्ये अमेरिका मुद्दाम चूक मिसळायची. गंमत म्हणजे युद्धात लष्कराला स्वतःचे रिसीव्हर कमी पडले, सैनिकांसाठी बाजारातले घ्यावे लागले, म्हणून ती चूक काही काळ बंद करावी लागली. कायमची बंद झाली मे २००० मध्ये. तोपर्यंत आपली जागा सुमारे १०० मीटर इकडे-तिकडे दिसू शकायची. खाडीच्या तोंडातून रात्री होडी आत घेताना १०० मीटर म्हणजे काय, हे रेवदंड्यातल्या कुठल्याही कोळी दादांना विचारा.

आता जीपीएसला काय कळत नाही ते बघू. १८ जानेवारीपासून इराकनं इस्रायलवर स्कड क्षेपणास्त्रं डागली, एकूण सुमारे ४०. रेवदंडा, चौल, अलिबाग या पट्ट्यातल्या बेने इस्रायल समाजातली कितीतरी कुटुंबं १९४८ नंतर तिकडे स्थायिक झाली होती. रेवदंड्यात त्यांचं सिनेगॉग आजही आहे. सायरन वाजला की गॅस मास्क लावून सीलबंद खोलीत बसायचं, हे त्या देशातल्या सगळ्यांसारखं या मराठी बोलणाऱ्या घरांच्याही वाट्याला आलं. स्कडचे लाँचर ट्रकवर होते: डागायचं आणि निघून जायचं. विमानांना स्वतःची जागा माहीत होती, ट्रकची नव्हती. युद्धानंतरच्या अमेरिकी हवाई दलाच्या पाहणीत विमानांनी एकही फिरता लाँचर नष्ट केल्याचा निर्विवाद पुरावा मिळाला नाही.

१३ फेब्रुवारीला तर उलटं झालं. बगदादच्या अमीरियामध्ये दोन लेझर-गायडेड बॉम्ब अगदी ठरल्या जागी पडले. अमेरिकेच्या मते ते लष्करी केंद्र होतं. आत आसऱ्याला आलेली माणसं होती. ४०० हून जास्त नागरिक गेले. निशाणा चुकला नव्हता. टीव्हीवर अशा अचूक बॉम्बचेच व्हिडिओ दाखवले गेले, पण त्या युद्धात टाकलेल्या बॉम्बपैकी असे जेमतेम दहावा हिस्सा होते. बाकीचे साधेच. मला विचाराल तर 'व्हिडिओ गेम वॉर' हे नाव तिथेच फसतं.

परक्या देशाच्या सिग्नलवर किती अवलंबून राहायचं, या प्रश्नावर भारताचं उत्तर म्हणजे नाविक. त्याचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये गेला, आणि पुढे त्याची तिन्ही अणुघड्याळं बंद पडली. घड्याळ गेलं की तो उपग्रह लोकेशनच्या कामाचा राहत नाही. तुमचा फोन नाविक पकडतो का ते बघायचं असेल तर 'जीपीएसटेस्ट' ॲप टाका, मोकळ्या आकाशाखाली दोन मिनिटं थांबा आणि यादीत तिरंगा दिसतो का बघा.