क्षेपणभूमीवरील वन : माहीमचे निसर्ग उद्यान

कापलेली हिरवळ, कारंजे आणि बाके ही सार्वजनिक उद्यानाची मुंबईत रूढ झालेली कल्पना होय. धारावीच्या कडेला, मिठी नदीच्या काठी वसलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान तिला अपवाद आहे. सुमारे ३७ एकरांची ही जागा एकेकाळी शहराच्या कचऱ्याची क्षेपणभूमी होती. तेथे कचरा टाकणे १९७७ मध्ये बंद झाले. १९८३ मध्ये पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांच्या हस्ते पहिले झाड लावण्यात आले आणि २२ एप्रिल १९९४ रोजी, वसुंधरा दिनी, उद्यान नागरिकांसाठी खुले झाले.

कचऱ्याच्या ढिगावर झाडे जगविणे सोपे नसते. कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेनसारखे वायू आणि उष्णता बाहेर पडते, मुळांना प्राणवायू मिळत नाही. त्यामुळे आधी मातीचा थर द्यावा लागतो आणि तग धरणाऱ्या जातींपासून आरंभ करावा लागतो. झडलेला पालापाचोळा जागीच कुजू दिला, तर माती हळूहळू सकस होते. नेटक्या बागांना सरावलेल्या नजरेला हा पाचोळा गबाळा वाटतो. पण कीटक, फुलपाखरे आणि त्यांच्यामागून पक्षी येतात ते त्याच्याच आधाराने.

मात्र या जागेचे खरे बळ तिच्या कायदेशीर दर्जात आहे. विकास आराखड्यातील उद्यानाचे आरक्षण हे काही कायमचे कवच नव्हे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ अन्वये फेरबदलाची प्रक्रिया करून ते बदलता येते. माहीमचे उद्यान १९९१ मध्ये संरक्षित वन म्हणून घोषित झाले असून, वनजमिनीचा अन्य कारणासाठी वापर करावयाचा झाल्यास १९८० च्या वन संवर्धन कायद्यानुसार केंद्र सरकारची पूर्वमान्यता लागते.

हा भेद केवळ कागदोपत्री नाही. धारावी पुनर्विकासात उद्यानाची जमीन जाईल, या शंकेतून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. उद्यान प्रकल्पाचा भाग नसल्याचे २०२३ मध्ये न्यायालयात सांगण्यात आले. नदीपलीकडे वांद्रे-कुर्ला संकुल आहे. तेथील जमिनीचे भाव पाहता अशी शंका पुन्हा उद्भवणारच नाही, असे मानण्यास जागा नाही.